अकरावी-बारावीचं कॉलेज मुलांना परत द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. कोणत्या गावच्या मुलाने कोणत्या कॉलेजात प्रवेश घेतला, हे आता आपल्या विभागाला बसल्या जागी कळतं. त्या यादीवर नीट नजर टाकली, तर विज्ञान शाखेत एक विचित्र गोष्ट दिसेल. मूल राहतं लातूरला, नांदेडला किंवा पुण्याला, एखाद्या क्लासच्या हॉस्टेलवर. आणि त्याचं कॉलेज असतं तिसऱ्याच तालुक्यात, जिथे ते प्रवेशाच्या दिवशी एकदा गेलं आणि थेट बारावीच्या प्रॅक्टिकलला पुन्हा जाईल. यालाच क्लासवाले ‘टाय-अप’ म्हणतात, पालक ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. मुलं सरळ ‘डमी’ म्हणतात.

मी मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. या प्रश्नावर आजवर बोललं गेलं ते हजेरी, फी आणि बोर्डाचे नियम यांच्या भाषेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनाचं या व्यवस्थेत काय होतं, यावर मला बोलायचं आहे.

आधी हे मान्य करू की पालक वेडे नाहीत. ‘नीट’ परीक्षा आल्यापासून वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण पुरतात. पुढचं सारं ७२० गुणांच्या एका पेपरवर ठरतं. त्या ७२०मध्ये प्रयोगशाळेतल्या एकाही तासाला किंमत नाही. बाप शेताचा तुकडा विकून क्लासची फी भरतो, तेव्हा त्याला मुलाने रोज तीन तास कॉलेजात ‘घालवणं’ परवडत नाही. शिवाय कॉलेजात तरी काय चाललंय? मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, घड्याळी तासिकेवरचे शिक्षक दोन-तीन कॉलेजं करत फिरतात, सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी धरली आहे. मुलं जायला लागली म्हणून वर्ग ओस पडले हे खरं. पण कितीतरी ठिकाणी शिकवणं आधी थांबलं आणि मुलं मागाहून गेली, हेही तितकंच खरं.

तरीही जे हरवलं त्याचा हिशेब मांडायलाच हवा.

या वयात मेंदूत काय चाललेलं असतं, हे गेल्या दोन-तीन दशकांत बरंच स्पष्ट झालं आहे. भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे भाग पौगंडावस्थेत आधी जोमाने जागे होतात. थांबून विचार करणारा, परिणाम जोखणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. या मधल्या काळात समवयस्कांच्या नजरेला फार मोठं वजन येतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००५ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुलं एकटी असताना साधारण प्रौढांसारखीच सावध खेळली. मित्र पाहत आहेत म्हटल्यावर मात्र त्यांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांवर मित्रांच्या नजरेचा तसा परिणाम झाला नाही.

हा प्रयोग सांगून आपण मुलांना वाईट संगतीपासून जपा म्हणतो आणि थांबतो. मला त्यातून दुसरंही काही दिसतं. समवयस्कांची नजर या वयात एवढी जड असेल, तर ती नजर मुलाकडे किती बाजूंनी पाहते, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरतो. कॉलेज नीट चालत असेल तिथे ही नजर अनेक बाजूंनी येते. रसायनात काठावर पास होणारा मुलगा कबड्डीच्या संघात चढाईला लागतो तेव्हा सगळा वर्ग त्याच्या नावाने ओरडतो. गॅदरिंगला ऐन वेळी माइक बंद पडला की तो दुरुस्त करणारा पोरगा आठवडाभर भाव खातो. वक्तृत्वाला नाव देणाऱ्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दीडशे माणसांच्या भाकरीचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या, कुणाच्या घरी दुःख झालं तर सगळ्यांना गोळा करून तिथे नेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींना आपण कोण आहोत हे तिथे पहिल्यांदा कळलं.

क्लासमध्ये ही नजर एकाच बाजूने येते. रविवारी सकाळी टेस्ट, संध्याकाळी रँकची यादी ग्रुपवर. पहिल्या रँकच्या मुलांची वेगळी बॅच, वेगळा वर्ग, पुष्कळदा वेगळे शिक्षक. उरलेल्यांना कुणी तोंडाने काही म्हणत नाही. बॅचचं नावच सगळं सांगतं. चाळिशीच्या माणसाला ऑफिसात असं नावानिशी उतरंडीवर लावलं तर त्याला राग येईल, पण घरी गेल्यावर तो कुणाचा तरी बाप असतो, कुणाचा तरी मित्र असतो. सतराव्या वर्षी घरापासून दूर, खोलीत दोन खाटा आणि एक टेबल, अशा मुलाजवळ ती यादी सोडून स्वतःबद्दल दुसरं काही सांगणारं कुणी उरत नाही.

एरिक एरिकसन यांनी या वयाचं मुख्य काम ‘ओळख घडवणं’ हे सांगितलं आणि त्यासाठी समाजाने मुलांना सवलतीचा एक काळ द्यायला हवा, असं मांडलं. त्या काळात मुलं वेगवेगळ्या भूमिका अंगाला लावून पाहतात, चुकतात, सोडून देतात, आणि त्याची कायमची किंमत मोजावी लागत नाही. पुढे जेम्स मार्सिया यांनी १९६६मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांनी काहीच न चाचपता वडीलधाऱ्यांनी ठरवलेली ओळख जशीच्या तशी स्वीकारली. अशी मुलं वरवर फार ठाम वाटतात. आठवीतच ‘मी डॉक्टर होणार’ म्हणतात आणि घरचे कौतुक करतात. पण दोन प्रयत्नांत नीट निघाली नाही, की त्यांच्याजवळ मागे फिरायला जागा नसते, कारण दुसरं कुणी होऊन पाहण्याची संधीच त्यांना कधी मिळालेली नसते. रिपीटर बॅचमधून परत आलेली मुलं दाखला न्यायला कॉलेजात येतात तेव्हा मला हे फार जाणवतं. बोलायला ती चांगली असतात. ‘पुढे काय?’ विचारलं की आईकडे पाहतात.

मुलींचं आणखी वेगळं आहे. खेड्यातल्या मुलीसाठी अकरावी म्हणजे पुष्कळदा पहिल्यांदा एकटीने केलेला एसटीचा प्रवास. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि त्या पासाने नुसतं कॉलेज जवळ आलं असं नाही. स्टँडवर वाट पाहणं, उशीर झाला तर घरी काय सांगायचं ते ठरवणं, त्रास देणाऱ्याला मैत्रिणींसह गाठून जाब विचारणं, हे सगळं तिथे शिकून होतं. निवासी क्लासमध्ये तीच मुलगी संध्याकाळी सातनंतर कुलपाआड असते. मुला-मुलींनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम कितीतरी ठिकाणी आहे; रांगा वेगळ्या, जिने वेगळे. पालकांना त्यात सुरक्षितता वाटते. पण प्रयोगशाळेत एका टेबलावर कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करताना मुलगा आणि मुलगी शेजारी उभे असतात, एकजण ॲसिटोकार्माइन जास्त ओततो, दुसरी कव्हरस्लिप दाबताना फोडते, दोघं भांडतात, पुन्हा करतात आणि शेवटी विभाजन होणारी पेशी दिसली की दोघांच्या तोंडून एकदमच ‘दिसली!’ येतं. भिन्नलिंगी माणसाशी साधं, कामाचं, आदराचं नातं असू शकतं हे शिकायची ती जागा आहे. ती बंद केली की त्या वयाचं कुतूहल कुठे जातं, हे आपल्याला ठाऊक आहे: मोबाइलच्या पडद्यावर, आणि तिथे शिकवायला कुणी चांगलं बसलेलं नाही.

झोपेबद्दलही दोन वाक्यं. २०२४मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, ते चांगलंच झालं. मात्र शरीराचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं ते किशोरवयात. रात्री झोप उशिरा येते आणि गरज आठ ते दहा तासांची असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्येच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. आपल्याकडे हीच मुलं पहाटे पाचच्या ‘सेल्फ स्टडी’ला उठवली जातात.

आता उपायांकडे येते. २०१८मध्ये आपल्या विभागाने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि औरंगाबाद विभागांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. हेतू नेमका होता. पण यंत्र अंगठा मोजतं, आणि अंगठा उमटवून परत जाणाऱ्या मुलाला थांबावंसं वाटेल असं कॉलेजात काही नसेल, तर यंत्राला पळवाटा फुटणारच. केंद्राने जानेवारी २०२४मध्ये क्लाससाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत शाळा-कॉलेजच्या वेळेत त्या विद्यार्थ्यांचे क्लास घेऊ नयेत असं स्पष्ट आहे. माझी पहिली विनंती हीच आहे की या एका सूचनेला महाराष्ट्रात कायद्याचं बळ द्या. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत राज्यातला एकही क्लास अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उघडा नसेल, तर टाय-अपचा धंदा फार काळ टिकणार नाही. कुणाला कुठे पकडायचं हेही मग सोपं होईल, कारण प्रवेशाची यादी आता आपल्याच हातात आहे.

त्याबरोबर कॉलेजला कॉलेजपण द्यावं लागेल. इथे मला ‘लातूर पॅटर्न’ची आठवण करून द्यावीशी वाटते. आज त्या नावाने क्लासच्या जाहिराती लागतात, पण तो पॅटर्न राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांत, कॉलेजच्या शिक्षकांनी, नेहमीच्या तासांना जोडून घेतलेल्या जादा तासांमधून आणि सरावपरीक्षांमधून उभा राहिला. मूल तिथेच शिकत होतं, तिथेच खेळत होतं, त्याच शिक्षकांना रस्त्यात भेटत होतं. स्पर्धा तेव्हाही कडक होती. रिक्त पदं भरा, प्रयोगशाळेला पैसे द्या आणि नीट-सीईटीची तयारी कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्या शिक्षकांकडून, परवडणाऱ्या खर्चात होऊ द्या. क्लासची फी भरू न शकणारी जी थोडी मुलं आजही रोज वर्गात येतात, त्यांच्यासाठी तर हे तातडीने हवं. आठ-दहा जणांच्या वर्गात बसून ती रोज हेच शिकतात की ज्यांच्याकडे पैसा आहे ती इथे येत नाहीत.

दुसरी गोष्ट समुपदेशकाची. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि गुणांवरून बॅचेस वेगळ्या करणं, सर्वांसमोर अपमान करणं थांबवावं, असं त्यात आहे. तो निकाल विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करताना जीव गमावलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणातून आला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. समुपदेशकाचं पद मंजूर करताना कृपया ते एखाद्या शिक्षकावर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून टाकू नका. जो शिक्षक मुलाला प्रॅक्टिकलचे गुण देणार आहे, त्याच्यापाशी मूल मनातलं बोलत नाही.

खेळ, गॅदरिंग, शिबिरं, भित्तिपत्रक यांना मात्र गुण देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. गुण दिले की त्यांचेही क्लास निघतील. त्यांच्यासाठी आठवड्यातली एक दुपार वेळापत्रकात राखून ठेवा, एवढं पुरे. त्या दुपारी काय करायचं ते मुलांना ठरवू द्या. पहिले काही आठवडे गोंधळ होईल, दोन गट पडतील, कुणी रुसेल, कुणी सगळं आपल्याच हातात घेईल. तो गोंधळ म्हणजे वेळ वाया गेला असं एखाद्या अधिकाऱ्याने तपासणीच्या अहवालात लिहू नये, याची काळजी मात्र मंत्रालयातूनच घ्यावी लागेल.

पुढच्या वर्षीची अकरावीची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी हे आदेश निघाले, तर आज नववी-दहावीत असलेल्या मुलांना त्याचा फायदा होईल. क्लासवाले त्यांच्या नावनोंदण्या दिवाळीपासूनच सुरू करतात. म्हणून निर्णय त्याआधी जाहीर व्हावा, ही विनंती.

आपली नम्र,
अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी एक शिक्षिका