कडक वाळू

सोमवारी सकाळी पिरंगुटच्या वॉशिंग सेंटरवर दिवेआगर-श्रीवर्धनहून ताम्हिणीमार्गे परतलेल्या गाड्या लागतात. रॅम्पखाली उभा राहून पोरगा फवारा मारतो आणि मडगार्डच्या आतून वाळूचे थर सुटून पडतात. त्यात नखाएवढ्या शिंपल्यांचे तुकडे. कोरडी वाळू अशी थराने बसत नाही, आणि अख्खा घाट चढूनही टिकत नाही. म्हणजे गाडी पार पाण्याच्या कडेपर्यंत गेली होती.

मालकांचे उत्तर ठरलेले. वरच्या भुसभुशीत वाळूत चाक रुतते, म्हणून खालच्या कडक पट्ट्यावरून चालवली. मोकळाच तर होता.

तो पट्टा कडक आहे, कारण ओहोटीनंतरही तिथली वाळू पाणी धरून असते. आणि पाणी असते म्हणूनच तिथे वस्ती असते. पुळण सगळीकडे सारखी नसते. भरतीरेषेजवळ कोरड्या वाळूत कुर्ल्यांची बिळे. त्या रात्री बाहेर पडतात. त्याखाली, भरतीत भिजणाऱ्या वाळूत, मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घालणारे चिमुकले खेकडे. वाळूच्या कणांवरचे अन्न खरवडून उरलेली ती गोळी. आणखी खाली लाटेबरोबर वर-खाली सरकणारे शिंपले, आणि लाट मागे वळताच शेपटीकडून वाळूत शिरणारे जीव. कणांच्या फटींत तर अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतूनही निसटणारे गोलकृमी आणि त्यांचे शेजारी. वाळूच्या किनाऱ्यावर कोण कुठल्या पट्ट्यात राहते, याची ढोबळ मांडणी एरिक डाल यांनी 1952 मध्येच केली. सर्वसाधारणपणे पाण्याकडे उतरावे तशा जाती वाढतात. म्हणजे चाकाला जो पट्टा सोयीचा, तोच दाट वस्तीचा.

यातले बरेचसे जीव जेमतेम बोटभर खोल असतात. दीड-दोन टनांची गाडी एकदा गेली तर वाळू सावरेलही. पण सुट्टीच्या दिवशी गाड्या एकामागून एक जातात, त्यात वळणे घेतात, व्हिडिओसाठी पुन्हा त्याच चाकोरीतून येतात. ऑस्ट्रेलियात गाड्या फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या किनाऱ्यांवर कुर्ल्यांची बिळे मोजली गेली. गाड्यांच्या किनाऱ्यांवर ती कमी भरली.

भरतीरेषा आपल्याला ठाऊक नाही असे नाही. 1991 पासून ती कायद्यात आहे. रिसॉर्टची भिंत तिच्यापासून किती मीटरवर, यावरून आपण कोर्टातही जातो. तिच्या खाली कोण राहते, हा प्रश्न मात्र कुणी काढत नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीची बातमी होते ती गाडी पाण्यात अडकल्यावर. बातमीत नुकसान गाडीचे, हळहळ मालकाची. मग गावातला ट्रॅक्टर येतो, दोर लागतो, गाडी निघते. येताना-जाताना ट्रॅक्टरही त्याच कडक पट्ट्यावरून जातो.