मत्स्यनेत्राची इजा : औषधाआधी निदान

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. पूर्वेचा चेन्नईचा किनारा आणि पश्चिमेचा मंगळूरचा किनारा, हे दोन्ही तेथून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर आहेत. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते समुद्राच्या काठावरच. बंगळुरात मात्र खाऱ्या पाण्यातला मासा पाळावयाचा तर समुद्रच घरी तयार करावा लागतो. सुमारे १०० किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणलेले कावेरीचे पाणी घ्यावयाचे, त्यातील क्लोरीन घालवावयाचा, ते नीट शुद्ध करावयाचे आणि दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवावयाचे, म्हणजे टाकीपुरता समुद्र सिद्ध होतो. अशा समुद्रातील माशाच्या डोळ्यास इजा झाली, तर काय करावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात पाळणाऱ्याच्या विवेकाची परीक्षा आहे.

माशाला आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या नसतात. त्यामुळे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, सदैव उघडाच असतो. खडकाचे अणकुचीदार टोक, पकडताना घासलेली जाळी, दांडग्या शेजाऱ्याचा हल्ला किंवा अंधारात एकाएकी दिवा लागल्याने दचकून काचेवर बसलेली धडक, यांपैकी काहीही त्यास जखम करू शकते. समुद्राचे पाणी सागरी माशाच्या शरीरद्रवाहून सुमारे अडीच ते तीनपट अधिक खारे असते. पडद्याचे वरचे आवरण फाटले की पाणी व क्षार यांचा समतोल ढळतो आणि डोळा दुधाळ दिसू लागतो. मार खोलवर बसला असेल तर डोळ्यामागे द्रव किंवा रक्त साचते व डोळा खोबणीबाहेर येतो.

येथे पहिली गोष्ट करावयाची ती निरीक्षणाची. एकच डोळा बिघडला असेल, तर बहुधा कारण मार बसणे हे असते. दोन्ही डोळे एकदम सुजले किंवा धुरकटले, तर शरीरातील रोग, दूषित पाणी किंवा पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळलेले वायू, यांचा संशय घ्यावा. हा नियम निरपवाद नाही. पण तपासाची दिशा त्यावरून कळते. पशुवैद्य फ्लुओरेसीन नावाचे रंगद्रव्य वापरून पडद्यावरील व्रण स्पष्ट पाहू शकतात. निदानाची साधने अशी उपलब्ध असताना अंदाजाने औषध ओतणे शहाणपणाचे नव्हे.

तरीही प्रत्यक्षात पुष्कळदा तेच घडते. डोळा पांढरा दिसला की प्रतिजैविकाची पूड थेट टाकीत जाते. माशाच्या विष्ठेतून व श्वसनातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे उपयुक्त जीवाणू त्या पुडीने मरू शकतात. मग अमोनिया वाढतो आणि एका माशाचा डोळा वाचविण्याच्या नादात साऱ्या टाकीचे प्राण संकटात येतात. तांब्याचे क्षार प्रवाळास व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांस घातक ठरतात. टेट्रासायक्लिनवर्गीय औषधे समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी बांधली जातात व त्यांचा प्रभाव पुष्कळसा नाहीसा होतो. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पण समुद्राच्या दर लिटर पाण्यात आधीच सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. गोड्या पाण्यातील अनुभव खाऱ्या पाण्यास जसाच्या तसा लावता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

मग करावे काय? मासा अन्न घेत असेल व जखम वरवरची असेल, तर त्यास पकडूच नये. जाळीने दुसरी जखम होण्याचा संभव असतो. हल्लेखोर मासा वेगळा करावा, टोकदार दगड हलवावा, प्रकाश मंद ठेवावा, पाणी थोडे थोडे बदलून निर्मळ राखावे. हवाही पुरेशी खेळवावी. कारण बंगळूरच्या उंचीवर पाण्यात समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे एकदशांश कमी प्राणवायू विरघळतो. पडद्याच्या किरकोळ जखमा एवढ्यानेच बऱ्या होतात. डोळा अधिकाधिक सुजत गेला, व्रण पसरला किंवा माशाने अन्न सोडले, तर तेवढ्याच खारटपणाच्या व तपमानाच्या वेगळ्या टाकीत त्यास न्यावे, तेथील अमोनिया रोज मोजावा आणि प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. शक्य असेल तर ते अन्नातून द्यावे. डोळा गेलाच, तरी एका डोळ्याने मासा जगू शकतो, याचेही स्मरण असावे.

यावर कोणी म्हणेल की, नवा मासा विकत घेता येत असताना एवढा खटाटोप कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर दुहेरी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ट्राउट माशाच्या स्वच्छमंडलात दाबास व दाहक रसायनास प्रतिसाद देणारे चेतातंतू आढळले. तेव्हा माशाच्या डोळ्याची इजा ही केवळ शोभेची हानी मानता येत नाही. शिवाय बाजारातील सागरी मत्स्यजातींपैकी बहुसंख्य जातींचे मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडूनच आणले जातात. प्रत्येक ‘नवा मासा’ म्हणजे समुद्रातून आणखी एक जीव कमी होणे होय. जो प्राणी स्वतःहून पठारावर चढून आला नाही, त्याच्या प्रकृतीची जबाबदारी त्यास आणणाऱ्यावरच पडते.

कर्नाटकात या विद्येची वाण नाही. मंगळूरचे मत्स्य महाविद्यालय १९६९ साली स्थापन झाले, तर बंगळुरातच हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उणीव आहे ती ज्ञान दुकानापासून घरापर्यंत पोहोचण्याची. विक्रेत्याने माशाबरोबर औषधाची पुडी देण्याऐवजी निगेचे चार नियम छापून द्यावेत, आणि पाळणाऱ्याने टाकी मांडण्याआधीच माशांवर उपचार करणारा वैद्य शोधून ठेवावा. एवढे घडले, तर अनेक डोळे औषधाविनाच वाचतील.