राजीनामा आणि स्टेटस

हल्ली नोकरी सोडण्याआधी माणूस मोबाईल चार्ज करतो. राजीनाम्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आत त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर सिंह डरकाळी फोडतो. खाली दोन ओळी : 'आमची किंमत कळायला लायकी लागते.' संध्याकाळी लिंक्डइनवर त्याच साहेबांचे इंग्रजीतून मनःपूर्वक आभार! सकाळचा सिंह सायंकाळी शेपूट हलवतो.

याला मंडळी स्वाभिमान म्हणतात. मी तमाशासुद्धा म्हणणार नाही. तमाशात निदान बोर्डावर उभं राहून समोरच्याच्या तोंडावर बोलावं लागतं.

मग काय, अन्याय मुकाट गिळावा? अजिबात नाही! जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. 'वैयक्तिक कारणास्तव' असली गुळमुळीत भाषा नाही. लोकसभेत उभं राहून त्यांनी कारणं सांगितली, पंडित नेहरूंवर टीकाही केली. पण कुठं? जिथं समोरच्याला उत्तर देता येतं तिथं! आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कामाला लागले. सिंह कुठंही लावला नाही.

स्टेटस चोवीस तासांत जातं, स्क्रीनशॉट राहतो. आमच्या वणीत तर जुना मालक हमखास नव्या मालकाचा मावसभाऊ निघतो. भविष्यनिर्वाह निधीत नोकरी सोडल्याची तारीख २०२० पासून आपली आपण टाकता येते, हे खरं. पण अनुभवाचा दाखला आणि ग्रॅच्युइटी मागायला त्याच कचेरीच्या पायऱ्या चढायच्या असतात.

आणि मागे राहिलेल्यांचं काय? तुमच्या अर्धवट फायली शेजारच्या टेबलावरच्या गरीब माणसाच्या गळ्यात पडतात. त्यानं भिडेखातर तुमच्या स्टेटसला अंगठा दाखवलेला असतो. साहेब खुलासा मागतात तो त्याच्याकडे! तुम्ही शूर, हप्ते त्याचे थकायचे.

तेव्हा जे सांगायचं ते साहेबांच्या समोर, लेखी आणि सही करून सांगा. फायली समजावून द्या. सप्तशृंग गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, तरी पायऱ्यांनी उतरणारा वणीकर एक रीत पाळतो : चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि वरून खाली दगड लोटायचा नाही. नोकरीवरून उतरायला याहून निराळं शास्त्र लागत नाही.