खाकी गणवेषाने ऐकलेली हाक

लहान मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर घरातील वडीलधारी माणसे हमखास एक धाक घालतात : ‘थांब, पोलिसाला बोलावते!’ बोलणाऱ्याच्या मनात त्यात काही वावगे नसते. मात्र ऐकणाऱ्या बालमनात एक समजूत कायमची घर करते. पोलीस म्हणजे शिक्षा करणारा, पकडून नेणारा माणूस. संकटात ज्याच्याकडे धाव घ्यावी, असा तो नव्हे. ही समजूत किती महाग पडू शकते आणि ती बदलल्यास काय साध्य होते, याचे उदाहरण कोरोना महामारीच्या काळात केरळ राज्याने देशापुढे ठेवले.

त्याची मुळे महामारीपूर्वीची आहेत. पी. विजयन या पोलीस अधिकाऱ्यांच्या कल्पनेतून 2010 साली केरळमधील 127 शाळांत ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील शाळांत वाहतुकीचे धडे गिरविणारे आर.एस.पी.चे विद्यार्थी वाचकांच्या परिचयाचे आहेत. केरळची योजना त्याच्या पुष्कळ पुढे जाते. आठवी-नववीची मुले-मुली खाकी गणवेष घालून कवायत करतात, कायदा समजून घेतात आणि समाजसेवेची कामे करतात. प्रत्येक शाळेतील शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे या मुलांची जबाबदारी सोपविली जाते, तर कवायत शिकविण्यासाठी जवळच्या ठाण्यातील पोलीस येतात. त्यामुळे मुलाला पोलीस नावानिशी ठाऊक होतो आणि पोलिसालाही मुलाचे घर ठाऊक होते. ही ओळख हेच या योजनेचे खरे भांडवल. 21 जुलै 2018 रोजी गुरुग्राम येथे ती राष्ट्रीय पातळीवर सुरू करण्यात आली.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. मुलांचे मैदान गेले, मित्र गेले, दिवसाची घडी विस्कटली. 1 जूनपासून केरळमध्ये ‘व्हिक्टर्स’ या दूरचित्रवाहिनीवरून वर्ग सुरू झाले. पण ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच वा भ्रमणध्वनी नव्हता, त्यांच्या मनात मागे पडण्याची भीती दाटली. अनेक घरांत वडिलांचा रोजगार थांबला होता. चार भिंतींत दिवसरात्र एकत्र राहिलेली माणसे एकमेकांवर चिडू लागली आणि त्या चिडीचा शेवटचा आघात मुलांवर होऊ लागला. एरवी वर्गातील शिक्षकांच्या नजरेला उतरलेला चेहरा दिसला असता. आता तो पाहणारेच कोणी उरले नव्हते.

जुलै 2020 मध्ये केरळच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलेल्या आकड्याने सारे राज्य हादरले. 25 मार्चपासून अठरा वर्षांखालील 66 मुलांनी आपले जीवन संपविले होते. यांतील प्रत्येक घरामागे निराळी कहाणी होती. वडीलधाऱ्यांना क्षुल्लक वाटणारे बोलणे वा रागावणे मुलाच्या मनात केवढे मोठे होऊन बसते, हे या आकड्याने समाजाला दाखवून दिले.

तेव्हा ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजनेच्या माध्यमातून ‘चिरी’ ही दूरध्वनी सेवा सुरू करण्यात आली. मल्याळम भाषेत ‘चिरी’ म्हणजे हसू. मन भरून आलेल्या कोणत्याही मुलाने वा त्याच्या पालकाने फोन करावा, अशी ही व्यवस्था होती. तिचा विशेष असा की, फोनवर बोलण्यासाठी प्रशिक्षण दिलेले थोरले कॅडेटही होते. मूल आपल्याच वयाच्या मुलाशी अधिक मोकळेपणाने बोलते, हे त्यामागील साधे तत्त्व. अडचण गंभीर दिसल्यास ती जाणत्या शिक्षकांकडे आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जात असे. ऑनलाइन वर्गाचा ताण, भ्रमणध्वनीचे व्यसन, एकटेपणा, घरातील भांडणे, अशा तक्रारी मुलांनी मांडल्या. चोराला पकडणारी यंत्रणा येथे मुलाचे रडणे ऐकत बसली होती. याच काळात कॅडेट योजनेने भुकेल्यांपर्यंत अन्नाची पाकिटे पोहोचविण्याच्या कामातही हातभार लावला.

या विषयाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील अनेक शाळांत अटक करण्याचा अधिकार असलेला सशस्त्र पोलीस अधिकारीच नेमलेला असतो. महामारीत शाळा बंद असताना यांपैकी अनेकांनी मुलांच्या घरी जेवण पोहोचविले, वर्गात न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांची विचारपूस केली. तथापि त्याच वर्षी, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, 2 जून 2020 रोजी मिनियापोलिस शहराच्या शाळा मंडळाने पोलिसांशी असलेला करार रद्द केला. शाळेतील किरकोळ खोडीचेही गुन्ह्यात रूपांतर होते आणि कृष्णवर्णीय मुलांना त्याची झळ अधिक बसते, असा टीकाकारांचा आक्षेप होता. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गणवेषाने येताना अधिकार आणला की आपुलकी आणली, यावरच मुलाचा विश्वास अवलंबून असतो.

व्यापारी कुटुंबांनी या उदाहरणाकडे निवांतपणे पाहावे. टाळेबंदीत दुकानाचे शटर खाली आले, उधारी अडकली, देणी तोंडावर आली. मोठ्यांचे सारे लक्ष हिशेबाकडे लागले. त्याच घरातील मूल कोपऱ्यात गप्प बसले असेल, तर त्याची नोंद कोणत्या वहीत झाली? महामारी सरली, पण परीक्षेचा ताण, मोबाइलचा हट्ट आणि एकटेपणा घराघरांत आजही आहे.

उपाय अवघड नाहीत. रात्री दुकान वाढविल्यावर दहा मिनिटे मुलाशी बोलावे. गुणांची चौकशी त्या वेळी नको, केवळ दिवस कसा गेला ते ऐकावे. भूक, झोप, खेळ, मित्र यांत अचानक फरक दिसला, तर ‘नाटक करतो’ म्हणून ते उडवून लावू नये. मुलाने निराशेचे शब्द उच्चारल्यास ते गांभीर्याने घ्यावेत, त्याला एकटे सोडू नये आणि तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. संकटातील बालकांसाठी 1098 आणि मानसिक आरोग्याच्या साहाय्यासाठी ‘टेलि-मानस’चा 14416 हे विनामूल्य क्रमांक देशभर उपलब्ध आहेत. ते मुलांनाही ठाऊक असावेत.

आणि पोलिसाचा धाक घालणे आजपासून थांबवावे. वाट चुकलेल्या, घाबरलेल्या मुलाला रस्त्यात खाकी गणवेष दिसला, तर त्याने पळून न जाता जवळ जावे, एवढे तरी त्याला घरातून शिकायला मिळावे.