इंजेक्शन काढा, पण फेकू नका

सगळं जग कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनकडे गेलं. पण जुन्या गाड्यांचे काही शौकीन आहेत, जे आपल्या गाडीतलं इंजेक्शन काढून तिथं कार्बोरेटर बसवतात. मंडळाच्या बैठकीत ‘जुनं ते सोनं’ या विषयावर वाद रंगला, तेव्हा मी हे उदाहरण दिलं. अर्धे जण हसले. ‘रंगीत टीव्ही विकून ब्लॅक अँड व्हाइट घेतल्यासारखं झालं,’ असं एक जण म्हणाला. मला ते इतकं सोपं वाटत नाही, म्हणून हा लेख.

साहित्याच्या विद्यार्थिनीनं इंजिनावर लिहावं का, असं कुणी विचारेल. माझे पपा बेळगावात टू-व्हीलर मेस्त्री आहेत. आमच्या घरी जेवणाच्या ताटावर कवितेपेक्षा जेट, फ्लोट आणि चोक यांची चर्चा जास्त होते. त्यामुळे थोडा अधिकार आहे, असं समजा.

आधी दोन्ही गोष्टी काय आहेत ते पाहू. कार्बोरेटर म्हणजे अत्तराच्या फवाऱ्याचा मोठा भाऊ. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथं तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे पेट्रोल बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, आपोआप वर ओढलं जातं. पेट्रोल मोजायला ना वायर, ना वीज. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि चांगला कान असला की काम भागतं. इंजेक्शनमध्ये पेट्रोलला पंपानं दाब दिलेला असतो. किती पेट्रोल सोडायचं ते एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवतो. हवा किती, इंजिन किती तापलंय, हे सेन्सर त्याला कळवतात आणि तो इंजेक्टर काही मिलिसेकंदांसाठी उघडतो.

आता इतिहास बघा, कारण गंमत तिथंच आहे. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीनं ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन तयार केलं. 1958 साली क्रायस्लर कंपनीनं ते आपल्या काही गाड्यांना बसवलं. जेमतेम काही डझन गाड्या निघाल्या. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना ऊन, थंडी, धक्के झेपेनात. शेवटी त्यातल्या बहुतेक गाड्यांचं इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवून देण्यात आले. म्हणजे आजचे शौकीन करतात ते नवं नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन जन्माला आलं तेव्हाच त्याची पहिली उलटी फेरी झाली होती.

पुढं बेंडिक्सचे पेटंट हक्क जर्मनीच्या बॉशकडे गेले. बॉशनं 1967 मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ आणलं. ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मनमध्ये दाब. इंजिनात हवा जाते त्या नळीतला दाब मोजून ही यंत्रणा पेट्रोल ठरवते. अमेरिकेत 1968 च्या मॉडेलपासून गाड्यांच्या धुरावर कडक नियम आले, आणि फोक्सवॅगननं तिथं विकायच्या 1600 या गाडीला, जिला शौकीन ‘टाइप 3’ म्हणतात, हे इंजेक्शन बसवलं. मोठ्या संख्येनं विकलेली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची ही पहिली गाडी. आणि आज इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवायचा विषय निघाला की हीच गाडी हमखास पुढं येते.

का? गाडी पन्नाशी ओलांडून गेली. सकाळी चालू होत नाही, मध्येच गचके देते, पेट्रोल पिते. मालक मेस्त्रीकडे नेतो. मेस्त्री तो डबा आणि वायरींचं जंजाळ बघतो आणि म्हणतो, ‘हे काढून टाका, दोन कार्बोरेटर टाका, सुखी व्हाल.’

पण हे ‘काढून टाका’ तरी सोपं आहे का? या गाडीचं इंजिन मागे, आडवं, दोन सिलिंडर एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. म्हणून कार्बोरेटरही दोन लागतात, आणि दोघांचा ताल जमवावा लागतो. एक पुढं आणि एक मागं राहिला तर इंजिन लंगडतं. इंजेक्शनचा पंप साधारण 2 बार दाब देतो, कार्बोरेटरला त्याच्या दहावा हिस्सा पुरतो. जुना पंप तसाच ठेवला तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल भरून वाहतं आणि तापलेल्या इंजिनावर सांडतं. पुढं काय होईल ते सांगायला नको. म्हणजे पंप बदला, टाकीकडे परत जाणारी पेट्रोलची नळी नीट बंद करा, डिस्ट्रिब्युटर बदला किंवा जुळवून घ्या. शिवाय जेट ठरलेल्या मापाचं असतं. गाडी उंच घाटावर गेली की हवा विरळ होते, पण पेट्रोल त्या मानानं कमी होत नाही, आणि इंजिन धूर ओकतं. ‘सोपं’ म्हणून घेतलेला रस्ता असा वळणावळणाचा आहे.

उलट डी-जेट्रॉनिक वाटतं तितकं भयंकर नाही. त्या डब्यात मायक्रोप्रोसेसर नाही, आजच्यासारखं सॉफ्टवेअर नाही. साधे ट्रान्झिस्टर आणि त्यांची जोडणी. बरेचसे सेन्सर साध्या मल्टिमीटरनं तपासता येतात. आणि दोष पुष्कळदा डब्यात नसतोच. अर्थिंगची वायर गंजलेली असते, रबरी नळीला चीर पडून हवा आत शिरत असते, किंवा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजलेले असतात. पण ते शोधायला बसावं लागतं. न बसता यंत्रणेलाच दोष देणं सोपं. माझं पहिलं म्हणणं हेच, की कार्बोरेटर चांगला म्हणून इंजेक्शन जात नाही. ते समजणारा माणूस गावात उरला नाही, म्हणून ते जातं.

इथं मला मोडी लिपी आठवते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मोडीतले जुने कागद पेटीत पडलेले आहेत. सनदा, जमिनीचे दस्त, देण्याघेण्याचे हिशेब. ती लिपी हाताला झरझर चालणारी होती, पण छपाईला अवघड. बाळबोध छापायला सोपी म्हणून ती जिंकली, आणि ते बरंच झालं, नाहीतर मी हा लेख लिहिला नसता. वाईट झालं ते वेगळंच. सोपी लिपी आली तेव्हा अवघड लिपी वाचणारी माणसं आपण सांभाळली नाहीत. त्यामुळे आजोबांच्या सहीचा कागद हातात असूनही नातवाला तो मुका. बदलाला माझा विरोध नाही. बदल करताना मागचा पूल जाळायला मात्र आहे.

म्हणून मी शुद्धतावाद्यांच्याही बाजूची नाही. ‘मूळ गाडीला हात लावायचा नाही’ म्हणणारे लोक गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतात आणि तिला मूळ म्हणतात. रस्त्यावर न येणारी गाडी ही गाडी नव्हे, ते सामान. दाब मोजणारा तो सेन्सर बिघडला आणि सुटा भाग मिळेनासा झाला, तर कार्बोरेटर बसवून गाडी चालती ठेवणारा माणूस मला जास्त प्रामाणिक वाटतो. फक्त तीन अटी. एक, आधी दोष शोधा, मग काढा. दोन, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा, भंगारात देऊ नका, कुठलीही वायर कापू नका. तीन, काय बदललं ते लिहून ठेवा. पुढच्या मालकाला परत फिरता आलं पाहिजे. जुन्या पोथीची नवी प्रत काढणारा मूळ पोथी चुलीत घालत नाही, तसंच हे.

आणि हे सगळं जुन्या गाड्यांपुरतंच, हेही सांगते. हल्ली पपांकडे एखादं गिऱ्हाईक नवी बाइक घेऊन येतं आणि म्हणतं, ‘अण्णा, इंजेक्शनची कटकट नको, कार्बोरेटर बसवून द्या.’ पपा नाही म्हणतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, ते हवा जरा तरी बरी राहावी म्हणून. कायद्यानंही मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात असे फेरफार करू देत नाही. एवढंच कशाला, 2021 च्या नियमांनुसार आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद करायची, तर तीही मूळ रूपात असावी लागते, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तेव्हा हौसेनं पान्हा उचलण्याआधी कागद वाचा.

पपांनी मात्र वयाच्या पन्नाशीत स्कॅनर विकत घेतला. ते त्यातले इंग्रजी कोड वाचतात, अडलं की मला विचारतात, आणि मला अडलं की तेच समजावून सांगतात. कार्बोरेटर तर त्यांना डोळे मिटून खोलता येतो. एकाच हातात दोन्ही विद्या असू शकतात. एक शिकायला दुसरी विसरावी लागत नाही, हे मी कुठल्या पुस्तकात नाही, गॅरेजमध्ये बघितलं.

आता मंडळाला एक सूचना. कार्बोरेटर जाणणाऱ्या मेस्त्रींची पिढी उताराला लागली आहे. उद्यमबागेत, कॅम्पात, खडेबाजारात अशी माणसं अजून आहेत. त्यांची भाषा मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी यांची मिसळ आहे, आणि त्यातले कित्येक शब्द एकाही कोशात सापडायचे नाहीत. पुढच्या अंकासाठी आपण प्रत्येकानं एका मेस्त्रीकडे एक दुपार बसावं, त्यांचे शब्द आणि त्यांच्या युक्त्या लिहून आणाव्यात. संपादकांनी चार पानं राखून ठेवली तर सुरुवात मी करते. पहिला मेस्त्री कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.