वीस चौरस मीटरची मुभा

केंद्र सरकारने ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित केलेल्या दिल्लीच्या बृहद् आराखड्यात एक छोटीशी यादी आहे. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर, फार तर वीस चौरस मीटर जागेत, कोणकोणती दुकाने चालवता येतील याची ती यादी. भाजीपाला, किराणा, बेकरीचे पदार्थ, दूध, पिठाची गिरणी, एसटीडीचे बूथ अशा नित्याच्या गरजांच्या पंक्तीत वह्या-पुस्तकांना खेटून ‘भेटवस्तू’ हाही एक शब्द येतो. एसटीडीची बूथे काळाच्या उदरात केव्हाच गडप झाली. भेटवस्तूंचे दुकान मात्र शिल्लक आहे. नव्हे, गेल्या तीन दशकांत त्याने बुटिक असे नवे नाव आणि नवे रूप धारण करून राजधानीच्या व्यापारात आपले स्थान निर्माण केले आहे. पितळी समया, जयपूरची निळी भांडी, ठसेछपाईच्या उश्या, हातकागदाच्या वह्या, बस्तरचे ढोकरा काम, सुगंधी मेणबत्त्या. हा सारा संसार वीस चौरस मीटरमध्ये, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांहूनही कमी जागेत मांडायचा, माल तेथेच साठवायचा, तेथेच वेष्टनात बांधायचा आणि गिऱ्हाइकाला उभे राहायला जागाही ठेवायची, असा चमत्कार करू शकेल त्यालाच कायद्याने निर्धास्त झोप लागण्याची सोय आहे. ज्यांना तो साधत नाही त्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे राज्यकर्त्यांनी वीस वर्षे टाळले आहे.

हे टाळणे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे. १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागांतील बेकायदा व्यापारी वापर बंद करण्याचा आदेश दिला आणि पुढील महिन्यात देखरेख समिती नेमली. मार्चअखेर महापालिकेची पथके लाखेची सील घेऊन रस्त्यावर उतरली. त्या उन्हाळ्यात दिल्लीतील कोणत्याही बाजारपेठेत एकच विषय होता. मे महिन्यात संसदेने विशेष तरतुदींचा कायदा करून कारवाईस वर्षभराची स्थगिती दिली, न्यायालयाने त्यावरही प्रश्नचिन्ह लावले आणि २० सप्टेंबर रोजी सीलमपूर येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन प्राणहानी झाली. त्याच सुमारास सरकारची चक्रे वेगाने फिरली. दोन हजारांहून अधिक रस्ते मिश्र अथवा व्यापारी वापराचे म्हणून जाहीर झाले, आणि पाठोपाठ आराखडाच बदलला.

या गदारोळात व्यापाऱ्यांची बाजू घेण्यासाठी पक्षांमध्ये अहमहमिका लागली होती. पण व्यापारी म्हणजे कोण? ज्याची बाजारपेठेत संघटना आहे, जिच्या अध्यक्षाला आमदार नावाने ओळखतो, तो. शाहपूर जाट अथवा हौज खास या नागरी गावांच्या बोळांत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटीच्या हिमतीवर दुकान चालवणारी स्त्री या व्याख्येत तेव्हाही बसत नव्हती आणि आजही बसत नाही.

ही गावे मुद्दाम पाहावीत अशी आहेत. हौज खास खिलजीच्या तलावाकाठी, तर शाहपूर जाट त्याच्याच सिरी किल्ल्याच्या आवारात वसलेले. भोवतालच्या शेतजमिनी वाढत्या शहराने संपादून घेतल्या. उरले ते ‘लाल डोऱ्या’च्या आतले गावठाण. महसुली नकाशावर १९०८ मध्ये ओढलेल्या या रेषेच्या आत इमारतींचे नियम सैल होते आणि १९६३ पासून तर त्यांना बांधकाम उपविधींतून अधिकृत सूटच मिळाली. शेती गेलेल्या मूळ गावकऱ्याला भाड्याखेरीज उत्पन्न राहिले नव्हते आणि नव्या दुकानदाराला परवडेल अशी दुसरी जागा नव्हती. या दोन गरजांच्या गाठीतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस हौज खासमध्ये आणि पुढे शाहपूर जाटमध्ये बुटिकांची वस्ती उभी राहिली. यात कोणा नियोजनकाराचा हात नव्हता. किंबहुना, नियोजनकारांचा हात नव्हता म्हणूनच ती उभी राहिली, असेही म्हणता येईल.

या गावठाणांना व अनधिकृत वसाहतींना ज्या विशेष कायद्याचे छत्र आहे, तो मुळात एका वर्षापुरता होता. प्रथम वर्षावर्षाने आणि २०११ नंतर तीन-तीन वर्षांनी त्याला मुदतवाढ मिळत गेली. संयुक्त पुरोगामी आघाडीने ती दिली, राष्ट्रीय लोकशाही आघाडीनेही दिली. २०१४, २०१७, २०२०, २०२३ असा हा क्रम आहे आणि डिसेंबर २०२३ मधील दुरुस्तीने मुदतीची तारीख ३१ डिसेंबर २०२६ अशी झाली. प्रत्येक वेळी मुदत संपत आली असता विधेयक येते, प्रत्येक वेळी मंत्री दिल्लीच्या लाखो रहिवाशांना दिलासा मिळाल्याचे सांगतात. हक्क आणि दिलासा यांतील अंतर ज्यांना राजकारण कळते त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. हक्क एकदा दिला की संपतो. दिलासा दर तीन वर्षांनी नव्याने देता येतो. २०२१ हे साल उलटून कित्येक वर्षे गेली तरी २०२१ पर्यंतचाच आराखडा लागू राहिला आणि २०४१ पर्यंतचा मसुदा २०२१ च्या जूनमध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध होऊनही रेंगाळत राहिला, यामागेही हेच गणित असावे अशी शंका घेण्यास जागा आहे.

तात्पुरतेपण दुकानाला आतून कसे पोखरते, हे जमाखर्च मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा, कारागिराकडून चारशे रुपयांस घेतलेली समई आठशेस विकली. वरकरणी नफा दुपटीचा. आता त्यातून जागेचे भाडे, मदतनीस मुलीचा पगार, वीज, वेष्टन आणि वाहतुकीतील फूटतूट वजा करा. आणि ज्या पाच समया वर्षभर शेल्फवर धूळ खात राहिल्या त्यांत अडकलेले दोन हजारही वजा करा. हाती राहते ते किराणा दुकानदाराच्या टक्केवारीहून फारसे निराळे नसते. फरक इतकाच की किराणा बारा महिने खपतो आणि भेटवस्तूंचा हंगाम दिवाळी व लग्नसराई मिळून जेमतेम चार महिन्यांचा. ऐन दिवाळीच्या तोंडावर पंधरा दिवस दार बंद राहिले तर वर्षच बुडते. म्हणून अशी दुकानदारीण फळ्या पक्क्या ठोकत नाही, जमिनीला फरशी बसवत नाही, दोन कारागिरांना वर्षभराची मागणी आगाऊ देत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने देखरेख समितीला पुन्हा जिवंत केले आणि डिफेन्स कॉलनीपासून सीलबंदी नव्याने सुरू झाली. तेव्हा ज्यांनी जागेवर खर्च केला होता तेच अधिक बुडाले. शहाणपण कोणते, ते त्या अनुभवाने सर्वांना शिकवले.

भाड्याचा प्रश्न तर याहून विलक्षण. दिल्लीचा १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा १९८८ पासून दरमहा साडेतीन हजारांपेक्षा अधिक भाड्याच्या जागांना लागू नाही. परिणामी मोक्याच्या जुन्या बाजारात कित्येक दशकांपूर्वीच्या भाड्यावर बसलेला भाडेकरू सुरक्षित आणि बोळात अकरा महिन्यांच्या करारावर आलेली बुटिकवाली पूर्णपणे घरमालकाच्या मर्जीवर. ही विषमता दूर करणारा कायदा संसदेने १९९५ मध्ये संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो कधी अमलात आलाच नाही. जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे संमत कायदाही अधिसूचनेवाचून पडून राहिला, हे दिल्लीच्या राजकारणातील एक बोलके उदाहरण. बुटिकने बोळाला नाव मिळवून द्यायचे, नावामुळे भाडे वाढायचे, वाढीव भाडे परवडणारे उपाहारगृह यायचे आणि बुटिकने पुढल्या गावात बिऱ्हाड हलवायचे, हा क्रम हौज खासने पाहिला आहे. याला बाजाराचा न्याय म्हणता येईल. आमची तक्रार बाजाराबद्दल नाही. एकाला संरक्षण आणि दुसऱ्याला बाजार, या वाटणीबद्दल आहे.

छोट्या दुकानदाराच्या नावाने गेल्या वीस वर्षांत संसदेत जेवढी भाषणे झाली तेवढी शेतकरी वगळता क्वचितच कोणाच्या नावाने झाली असतील. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीच्या निर्णयावर ५ डिसेंबर २०१२ रोजी लोकसभेत मतदान झाले. सरकारने ते २५३ विरुद्ध २१८ असे जिंकले. दिल्लीने आधी या धोरणाला होकार दिला; जानेवारी २०१४ मध्ये आम आदमी पक्षाच्या सरकारने तो काढून घेतला. पुढे ऑनलाइन बाजारपेठांवरील निर्बंध फेब्रुवारी २०१९ पासून कडक झाले, तेही छोट्यांच्याच रक्षणार्थ. २०२४ च्या निवडणुकीत तर व्यापारी महासंघाचे नेते प्रवीण खंडेलवाल चांदनी चौकातून थेट लोकसभेत गेले. असे असूनही छोट्या दुकानदारासाठी बारीक अक्षरांत जे लिहिले जाते ते भाषणांशी जुळत नाही.

बारीक अक्षरांचे एकच उदाहरण पुरे. सूक्ष्म व लघु उद्योगांना त्यांच्या मालाचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून २००६ च्या कायद्यात कमाल पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. २०२३ च्या वित्त विधेयकाने आयकर कायद्यात दुरुस्ती करून त्याला दात दिले. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजावटीस पात्र राहत नाही. कारागिराच्या दृष्टीने हे योग्यच झाले आणि बुटिकनेही त्याचे पैसे वेळेवर द्यावेत, यात दुमत नाही. पण हीच बुटिक जेव्हा एखाद्या बड्या कंपनीला दिवाळीच्या तीनशे भेटपेट्या पुरवते आणि कंपनी संक्रांत उलटली तरी पैसे देत नाही, तेव्हा तिला या कायद्याचा आधार नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांचा लघुउद्योगांत समावेश झाल्याचा मोठा गाजावाजा झाला, पण तो केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता. थकबाकीपासूनच्या संरक्षणातून व्यापारी वगळलेलेच राहिले. देणे पंचेचाळीस दिवसांत, येणे देव जाणे कधी. या दोहोंमधले अंतर ती कशाने भरून काढणार? कर्जाने, आणि कर्ज घेण्यापुरती ती लघुउद्योजक आहेच!

करांची कथाही अशीच अर्धी गोड. वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक हस्तकला वस्तूंवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वागतार्ह पाऊल. मात्र कंपनीने खरेदी केलेला माल भेट म्हणून वाटला तर त्यावर भरलेल्या कराची वजावट तिला मिळत नाही, हे कलम जसेच्या तसे राहिले. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली सोपी आपसमेळ योजना घ्यावी तर परराज्यात माल विकण्यास मनाई. पुण्याच्या गिऱ्हाइकाने दिल्लीच्या दुकानातून टपालाने समई मागवायची नाही, असाच याचा अर्थ. फेररचनेच्या तीन दिवस आधी, १९ सप्टेंबरला, वित्त मंत्रालयाने सर्व मंत्रालयांना दिवाळीच्या भेटवस्तूंवर सरकारी पैसा खर्च न करण्याचा आदेश दिला. जनतेच्या पैशातून सुकामेव्याच्या पेट्या वाटल्या जाऊ नयेत हे आम्हासही मान्य आहे. पण १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी देशी मालाच्या पुरस्काराची हाक दिली, आणि त्याच वर्षी, कमलादेवी चट्टोपाध्याय ज्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या ते अखिल भारतीय हस्तकला मंडळ गुंडाळले गेले, ही संगती मनात राहतेच. कारागीर आणि शहरी गिऱ्हाईक यांच्यामध्ये आज मंडळ नाही आणि सरकारी एम्पोरियमची ती जुनी शानही उरलेली नाही. ते काम जी करते तिच्या दुकानाचा जिना मात्र दिलाशाच्या मुदतीवर टेकलेला आहे.

याचा अर्थ निवासी गल्ल्यांत वाटेल त्याने वाटेल ते थाटावे असा नव्हे. रहिवाशांच्या तक्रारी खोट्या नाहीत. गाड्यांची दाटी, अग्निशमनाचा बंब शिरू शकणार नाही असे बोळ, रात्री उशिरापर्यंतचा गोंगाट, हे सारे खरे आहे आणि न्यायालयाने २००६ मध्ये हस्तक्षेप केला नसता तर महापालिकेला जाग आली नसती हेही खरे. पण संध्याकाळी आठला कुलूप लावणारे उश्या-समयांचे दुकान आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारे मद्यालय यांना एकाच ‘व्यापारी वापरा’च्या मापाने मोजणारा नियम आळशी आहे. आवाज, गर्दी, आगीचा धोका आणि वेळ यांवरून वर्गवारी करता येते. शांत व्यवसायांसाठी वीस चौरस मीटरची मर्यादा साठ-सत्तरपर्यंत नेता येते, गावठाणांत पहिला मजला अग्निसुरक्षेच्या अटीवर खुला करता येतो, आणि थकबाकीच्या कायद्यात ठरावीक उलाढालीखालील व्यापाऱ्याला पुरवठादार मानण्यासाठी एका ओळीची दुरुस्ती पुरते. यांपैकी कशालाही निधी लागत नाही. मुदतवाढीचे पुढचे विधेयक मांडताना मंत्र्यांनी दिलाशाचे भाषण बाजूला ठेवून या तीन गोष्टींवर सभागृहात उत्तर द्यावे, आणि विरोधी बाकांवरील कोणी तरी त्यांना ते विचारावे. मुदतवाढीच्या या विधेयकांना आजवर कोणत्याच मोठ्या पक्षाने अडवलेले नाही. तेव्हा त्यावर बोलायला वेळ नव्हता, अशी सबब कोणालाच सांगता येणार नाही.