क्ष-किरणात न दिसणारे कारण

लहान मुलाला वारंवार ताप येतो, तपासणीत लघवीचा जंतुदोष आढळतो, आणि मूत्राशयातील लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढते असे निदान होते. पालकांचा प्रश्न एकच असतो : हे आपोआप बरे होईल, की शस्त्रक्रिया करावी लागेल? या प्रश्नाचे उत्तर बहुधा क्ष-किरण चित्रावरून दिले जाते. उलट प्रवाहाच्या पाच श्रेणी मानतात. पहिल्या दोन श्रेणींतील बहुतेक मुले वयाबरोबर बरी होतात, पाचवीतील क्वचितच. परंतु एवढ्यावर भाकीत करणे म्हणजे जमेची बाजू पाहून ताळेबंद मांडण्यासारखे आहे.

अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली आधीच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. लघवी तुंबवून धरण्यासारखे मूत्राशयाचे दोष वा बद्धकोष्ठ असलेल्या मुलांपैकी शेकडा ३१ जणांचा उलट प्रवाह दोन वर्षांत थांबला होता. असा दोष नसलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ६१ होते. २०१४ साली तेथेच ६०७ बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. दोन वर्षे रोज प्रतिजैविक दिल्याने जंतुदोष पुन्हा होण्याचा धोका निम्म्यावर आला आणि सर्वाधिक लाभ याच दोषाच्या मुलांना झाला. मूत्रपिंडावरील व्रणांत मात्र फरक पडला नाही.

सरासरी म्हणजे कोणा एका मुलाची जन्मपत्रिका नव्हे, हे खरेच. तथापि श्रेणी बदलणे कोणाच्या हाती नसते. सवय बदलता येते. तुंबलेल्या लघवीने मूत्राशयातील दाब वाढतो, साचलेला मळ त्यावर रेटा देतो. दिवसातून किती वेळा जातोस, शौचाला खडा होतो का, हे विचारायला यंत्र लागत नाही. दर दोन-तीन तासांनी लघवीस जाणे आणि बद्धकोष्ठावर इलाज, हाच उपचाराचा आरंभ होय.

येथे प्रश्न दवाखान्यातून शाळेत येतो. लघवी रोखणाऱ्या प्रत्येक मुलाला हा विकार जडतो असे नाही. पण ज्याला तो आहे, त्याचे बरे होणे या सवयीने लांबते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली. जेथे ती बांधली गेली तेथेही पाणी असेलच असे नाही, आणि मग मुली सकाळपासून पाणी पिण्याचेच टाळतात. डॉक्टरांनी दोन तासांचा नियम घालून दिलेल्या मुलाला भर वर्गात हात वर करून परवानगी मागावी लागते, आणि पुष्कळदा ‘तास संपल्यावर जा’ हेच उत्तर मिळते.